परत फिर

मोठ्या आवाजात बोलायचं नाही, असा माझा नेम आहे. रोज पहाटेच्या प्रार्थनेनंतर मी तो मनाशी नव्याने धरते. पण घरात ज्यांच्याशी दिवसभर बोलावं लागतं ते माझे सासरे कानांनी अधू आहेत. याला देवाची थट्टा म्हणायचं की परीक्षा, ते मला अजून कळलेलं नाही.

"नेम तू घेतलास," सासरे म्हणतात, "माझ्या कानांना विचारलं होतंस का?"

हे ते इतक्या मोठ्याने म्हणतात की समोरच्या घरातली बाई खिडकीत येते. मनातल्या मनात ओरडायला नेमात बंदी नाही, एवढी पळवाट मी ठेवली आहे, आणि तिचा वापर भरपूर होतो.

सासऱ्यांनी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. गल्लीत त्यांना सगळे सर म्हणतात. गल्लीच्या टोकाला प्रार्थनेचा हॉल आहे. तिथे रोज संध्याकाळी ग्रंथाचं एक पान वाचलं जातं आणि ते वर्षानुवर्षं सासरेच वाचायचे. कान गेले तसा त्यांना स्वतःचाच आवाज लागेना. एकदा वाचता वाचता ते थांबले, ग्रंथ मिटला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या मांडीवर आणून ठेवला. तेव्हापासून मी वाचते, आणि ते मधल्या खुर्चीत बसून माझ्या ओठांकडे बघतात.

घरात जवळ बसून बोललं तर त्यांचं कानातलं यंत्र बऱ्यापैकी काम देतं. हॉलचं छत मात्र उंच आहे. तिथे माझा आवाज, पंखा, खोकला, खुर्च्यांची करकर, सगळं एकत्र कालवून त्यांच्या कानात ओतलं जातं. महिनाभरापूर्वी त्यांनी चपला काढून ठेवल्या आणि म्हणाले, "आजपासून मी यायचा नाही. तू दिसतेस, पण ऐकू येत नाहीस. नुसती मान डोलवत बसायचं म्हणजे देवालाही फसवायचं आणि तुलाही."

आणि ते खरंच येईनात. मी वाचताना मान वर केली की मधली खुर्ची रिकामी दिसायची. तिथे दुसरं कुणी बसतही नव्हतं. माझं वाचन त्या खुर्चीशी येऊन अडखळायला लागलं.

शेवटी श्रवणयंत्रांच्या दुकानातल्या बाईंनी उपाय सांगितला. हॉलच्या जमिनीवर कडेकडेने तार फिरवायची. माइकमधला आवाज करंट होऊन त्या तारेतून धावतो, तारेमुळे हॉलभर चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि कानातल्या यंत्राचं बारीक बटण 'टी'वर ठेवलं की यंत्र ते क्षेत्र पकडून पुन्हा आवाज करतं. मधे पंखा नाही, खोकला नाही. बाईंनी माइकचा आवाज तारेत सोडणारा डबा वापरून बघायला दिला. "जमलं तर ठेवा. नाही तर शनिवारी मी येऊन परत नेते."

सासऱ्यांचे डोळे चमकले. करंट आणि चुंबक म्हटल्यावर ते ऐंशीचे राहिलेच नाहीत.

"डबा चालू करण्याआधी हिशेब," ते म्हणाले. "मधल्या खुर्चीत नेमकं किती क्षेत्र पोचतं ते काढल्याशिवाय मी तारेला हात लावू देणार नाही."

जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. मी एका बाजूला धुतलेले कपडे घडी करत होते. त्यांनी हॉलचा चौकोन काढला, बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद.

"चार भिंती, चार तारा. प्रत्येकीचं वेगळं काढायचं आणि मग बेरीज. तार खुर्चीपासून जितकी दूर, तितकं क्षेत्र कमी. शिवाय तार काही अनंत नाही, भिंत संपली की वळते. म्हणून खुर्चीतून तिची दोन टोकं किती कोनात दिसतात तेही धरायचं. कळलं?"

"हो बाबा."

"काय?"

"हो," मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं.

"लांब भिंत खुर्चीपासून चार मीटर. आखूड भिंत सहा. म्हणजे लांब भिंत लांबही आणि जवळही. खरं काम तीच ओढते. आखूड भिंत तिच्या निम्म्यालाही पोचत नाही." पेन्सिलीचं टोक आखूड भिंतीवर टेकवून ते म्हणाले, "आमच्या घरात मी लांब भिंत. धाकटा आखूड."

धाकटा म्हणजे माझे चुलत सासरे, मी त्यांना काका म्हणते. ते इलेक्ट्रिशियन आहेत आणि तार तेच टाकणार होते. दोघा भावांचं एकमेकांवाचून चालत नाही आणि एकमेकांशी पटतही नाही.

मग दिशा काढायची वेळ आली. उजव्या हाताचा अंगठा करंटच्या दिशेने धरायचा, तार मुठीत पकडल्यासारखी बोटं वळवायची. बोटं वळतात तिकडे क्षेत्र. तीन भिंतींचं क्षेत्र खुर्चीपाशी वर जात होतं आणि चौथीचं खाली. सासऱ्यांनी खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा खालीच. टेबलावर खोडरबराचा चुरा पडला. माझ्या सगळ्या घड्या झाल्या, हे कामावरून आले, कागदाकडे बघून "मी आत आहे" म्हणाले आणि आत गेले ते जेवायलाच बाहेर आले.

मी सासऱ्यांच्या हातांकडे बघितलं. पेन्सिल उजव्या हातात होती, त्यामुळे चौथ्या भिंतीला त्यांनी मोकळ्या हाताचा, डाव्याचा अंगठा धरला होता.

"बाबा," मी त्यांच्या डाव्या मनगटाला हात लावला.

त्यांनी हाताकडे बघितलं. "मला माहीत आहे!" ते गरजले. "जन्मभर पोरांच्या याच चुकीला मी लाल रेघ मारली आहे!"

हिशेब जुळला. चारही भिंतींची बोटं मध्यभागी एकाच दिशेला, वर. मी मघापासून मनात असलेलं विचारून टाकलं. "मग आपल्या घरातल्या वायरींभोवती पण हे असेल?"

"असतं. पण तिथे जाणारी आणि येणारी अशा दोन तारा शेजारी शेजारी असतात. एक म्हणते वर, दुसरी म्हणते खाली. बेरीज शून्य. नवराबायकोने एकाच वेळी पोराला उलट सुलट सांगितलं की पोर जागचं हलत नाही, तसं."

आतून ह्यांच्या खोकण्याचा आवाज आला.

डबा दोन अँपिअरपेक्षा जास्त करंट देत नव्हता आणि एका फेऱ्यात हवं त्याच्या निम्मंच क्षेत्र मिळत होतं. म्हणून दोन फेरे हवेत, असं ठरलं. सासऱ्यांनी लगेच काकांना फोन लावला. फोनवर ते स्वतः बोलतात तेव्हा फोनची गरज नसते.

"धाकट्या, नीट ऐक! दारापासून निघायचं, उजवीकडून भिंतीभिंतीने पूर्ण फेरा मारून दारापाशी यायचं, आणि परत फिरायचं! तार तोडायची नाही, सलग!"

"परत फिरायचं. बरं." काकांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "म्हणजे दोन वेढे ना दादा?"

"वेडा कोणाला म्हणतोस?"

"वेढा! वेढा!"

"पुन्हा म्हणतोस!" सासऱ्यांनी फोन आपटला. "मोठ्या भावाशी बोलायची रीत राहिली नाही."

मी काकांना उलट फोन करून समजावलं. त्यांना हसू आवरेना. तारेबद्दल मात्र आम्ही दोघंही काही बोललो नाही. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

काकांनी गुरुवारी तार टाकली. हॉलचे व्यवस्थापक गालिचा घेऊन मागे उभेच होते. त्यांना या प्रकरणाची धास्ती होती.

"सर, चुंबक म्हणजे लोकांची घड्याळं बंद पडणार नाहीत ना? माझ्याकडे एवढा किल्ल्यांचा जुडगा आहे."

"पृथ्वीचं चुंबक याच्या जवळजवळ शंभरपट आहे," सासरे म्हणाले. "तिने आजवर तुमच्या किल्ल्या ओढल्या का?"

"पृथ्वीचं मी काय सांगू? पण एक सांगतो, गालिचा मी एकदाच चिकटवणार. मग तो उचलायचा नाही." आणि त्यांनी तो असा चिकटवला की कडेला नख जाईना.

शुक्रवारी दुपारी आम्ही तपासायला गेलो. सासरे मधल्या खुर्चीत ताठ बसले. महिन्याभराने त्या खुर्चीत माणूस बघून मला भरून आलं. त्यांनी यंत्राचं बटण 'टी'वर केलं. काकांनी डबा चालू केला, हिरवा दिवा लागला आणि सासऱ्यांची नजर त्या दिव्यावरच खिळली. मी माइकसमोर ग्रंथ उघडला आणि पहिली ओळ वाचली.

"सुरू कर," सासरे म्हणाले.

मी दुसरी ओळ वाचली.

"अगं, सुरू कर की!"

मी काकांकडे बघितलं. काकांनी मीटर काढला. तार कुठे तुटली नव्हती. करंट पुरेपूर दोन अँपिअर. डबा ठणठणीत. कानातलं यंत्र दुकानातल्या बाईंनी स्वतःच्या हाताने तपासून दिलेलं. सासऱ्यांनी खिशातून हिशेबाचा कागद काढून पुन्हा सगळं पडताळलं. या वेळी त्यांनी पेन्सिल दातात धरली आणि उजवा हात मोकळा ठेवला. हिशेब बरोबर. सगळंच बरोबर होतं, आणि सासऱ्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

"तुझी तार चुकली," सासरे म्हणाले.

"तुझा हिशेब चुकला," काका म्हणाले.

"काय?"

"हिशेब!"

"तेच म्हणतो मी, हिशेब बरोबर आहे!"

"दादा, मी चाळीस वर्षं तारा टाकतोय. एका घरात अंधार राहिला नाही."

"उजेडाचं कोण बोलतंय? तुला दिवा लावायला सांगितलं होतं का?"

व्यवस्थापक दारातून किल्ल्या वाजवत म्हणाले, "मी आधीच म्हटलं होतं, या वयात सरांनी शांतपणे बसावं."

ते नेमकं सासऱ्यांना ऐकू आलं. नको ते बरोबर ऐकू येतं. ते उठले. चेहरा असा पडला होता की मला बघवेना. "चल सूनबाई. उद्या बाई डबा घेऊन जाऊ देत. मला या खुर्चीत पुन्हा बसवू नका."

तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. सासऱ्यांवर, काकांवर, किल्ल्यांवर. हिशेब करणारा एवढा हुशार, तार टाकणारा एवढा नेटका, मीटर खरा, डबा खरा, आणि एवढ्या खरेपणातून माझी एक ओळ चार मीटर पलीकडे पोचू नये? मी ग्रंथावर हात ठेवला आणि श्वास मोजला. नेम राहिला. कसा राहिला ते मला विचारू नका.

काकांनी हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडे निघाले. रागावून गेलेला माणूस तसाच जाऊ नये म्हणून मी मागून म्हटलं, "काका, परत या."

ते दारातच थांबले. वळले. तरातरा चालत माझ्यापाशी आले. "आता काय राहिलं?"

"काही नाही. संध्याकाळी वाचनाला परत या, असं म्हणत होते."

"मग तसं सांग ना पोरी! निघालेल्या माणसाला परत ये म्हटलं की तो परत फिरणारच!"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. परत फिरणारच. टेलिफोन आपटण्याआधी सासरे काय म्हणाले होते ते माझ्या कानात जसंच्या तसं वाजलं.

"काका," मी म्हटलं, "तार टाकताना तुम्ही कसे चाललात, ते मला दाखवता का?"

"हे काय आता?"

"दाखवा ना."

माझ्या आवाजाला कोणी नाही म्हणत नाही, कारण भांडायला त्यात काही सापडत नाही. काका दारापाशी गेले आणि उजवीकडून भिंतीच्या कडेने निघाले. मी त्यांच्या मागे. उजव्या हाताची मूठ वळली, अंगठा पुढे धरला, चालण्याच्या दिशेने. व्यवस्थापकांनी किल्ल्या वाजवायच्या थांबवल्या.

सासरे खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. आधी ते वैतागून बघत होते. मग त्यांची नजर माझ्या मुठीवर आली आणि तिथेच राहिली.

"वर," पहिल्या भिंतीला ते म्हणाले. दुसऱ्या भिंतीला पुन्हा "वर." ते हळूहळू खाली बसले. तिसऱ्या, चौथ्या भिंतीलाही "वर." आम्ही दाराशी पोचलो.

"इथे फेरा पूर्ण झाला," काका म्हणाले, "आणि इथून दादाने सांगितलं तसा मी परत फिरलो." ते वळले आणि आल्या वाटेने उलटे निघाले. मीही वळले. अंगठा पुढे. माझी बोटं आता दुसरीकडे वळत होती.

"खाली," सासरे म्हणाले. आणि मग सगळा हॉल दणाणला. "खाली! अरे, खाली! धाकट्या, तू उलटा कशाला फिरलास?"

"तू सांगितलंस!"

"मी म्हणालो, परत फिर!"

"तेच! परत फिरलो!"

"परत म्हणजे पुन्हा! पुन्हा फिर! आणखी एकदा!"

"मग पुन्हा म्हणायचं! परत फिर म्हटल्यावर जगातला कुठलाही माणूस परतच फिरेल!"

"शाळेत मी परत सोडव म्हटलं की पोरं पुन्हा सोडवायची!"

"मी तुझ्या शाळेत नव्हतो. तूच आईला म्हणालास, हा माझ्या वर्गात नको."

मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. एक फेरा वर म्हणत होता, शेजारचा फेरा खाली म्हणत होता. गालिच्याखाली दोन भाऊ शेजारी शेजारी झोपून एकमेकांचं बोलणं पुसत होते, आणि मधल्या खुर्चीत शून्य.

"पण आता गालिचा..." व्यवस्थापकांनी दाराची चौकट धरली.

मी सासऱ्यांच्या कानाशी वाकले. "गालिचा उचलावा लागेल का बाबा?"

त्यांनी कागद उलटा केला, दोन रेघा मारल्या, बाण काढले. "नाही," ते म्हणाले. "वळण दारापाशीच आहे ना? तिथे तार काप. दुसऱ्या फेऱ्याची टोकं अदलाबदल करून जोड. जिथून करंट बाहेर येत होता तिथून आत जाईल. फेरा जिथल्या तिथे, दिशा सरळ."

काकांनी कागदाकडे बघितलं, मग भावाकडे. "हे मी दोन मिनिटांत करतो," ते म्हणाले. आणि मोठ्याने, एकेक अक्षर तोडून, "अदलाबदल. बरोबर ना? याचे दोन अर्थ नाहीत ना?"

"काम कर," सासरे म्हणाले. पण ते काकांच्या शेजारी गुडघे टेकून बसले आणि जोड होईपर्यंत त्यांनी टॉर्च धरून ठेवला. टॉर्चचा उजेड भलतीकडेच पडत होता, आणि काका तसेच अंदाजाने जोडत राहिले.

हिरवा दिवा पुन्हा लागला. सासरे मधल्या खुर्चीत बसले, पण या वेळी ताठ नाही. त्यांनी बटण 'टी'वर केलं आणि नजर माझ्या ओठांवर न ठेवता मांडीवरच्या हातांकडे ठेवली. मला कळलं, ते ओठांची मदत घेणार नव्हते.

मी नेहमीच्याच आवाजात, जितका माझ्या नेमात बसतो तितक्याच आवाजात, पहिली ओळ वाचली.

सासरे हलले नाहीत. मी दुसरी वाचली. मान वर केली नाही, कारण वर केली असती तर पुढे वाचता आलं नसतं. तिसरी ओळ वाचली. हॉलमध्ये काही हललं नाही. पंखाही काकांनी बंद केला होता. मी चौथ्या ओळीच्या मध्यावर आले.

"थांब."

मी थांबले.

"'कृपेने' नंतर स्वल्पविराम आहे," सासरे म्हणाले. ते ओरडून नाही म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याइतक्या हळू बोलले. "तू तिथे थांबत नाहीस. अर्थ बदलतो. इतकी वर्षं अशीच वाचतेस?"

"हो बाबा," मी माइकमध्ये म्हटलं.

"आणि कुणी सांगितलं नाही?"

"कुणी नाही."

त्यांनी डोळे पुसले. रागाने पुसले, असं त्यांना दाखवायचं असावं. मग बोट वर केलं, शाळेत फळ्याकडे करायचे तसं.

"परत," ते म्हणाले.

दाराशी काका पिशवी आवरत होते. "पोरी, आधी विचारून घे," ते म्हणाले. "पुढे की मागे?"

मी ग्रंथात पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि पुन्हा वाचायला घेतलं.